पश्चिमेची खिडकी थंड कशी ठेवावी: बांबूचा चिक, वाळ्याचा पडदा आणि कामाचा क्रम

दर एप्रिलमध्ये लोक वाळ्याचा पडदा आणतात, खिडकीला आतल्या बाजूने टांगतात, भरपूर भिजवतात आणि दारं-खिडक्या लावून बसतात. दोन तासांत खोली कोंदट होते, अंग चिकट होतं आणि नावं वाळ्याला ठेवली जातात. वाळ्याचा त्यात काही दोष नसतो, क्रम चुकलेला असतो. आधी बाहेरून सावली (चिकाची, म्हणजे बांबूच्या कामट्या दोरीने बांधून केलेल्या, गुंडाळता येणाऱ्या पडद्याची), मग हवेला बाहेर पडायची वाट, मग आत यायची वाट आणि पाणी सगळ्यात शेवटी. पाण्याची पायरी तर अर्ध्या महाराष्ट्राला लागतही नाही.

पुढची कृती पश्चिमेला खिडकी किंवा गॅलरी असलेल्या खोलीसाठी आहे, कारण उन्हाळ्यात सगळ्यात जास्त छळते ती हीच बाजू. पूर्वेच्या खिडकीला हेच करायचं, फक्त वेळा सकाळच्या आणि मापातलं डावं-उजवं उलट धरायचं.

१. ऊन खडूने आखून घ्या

एप्रिलमधला निरभ्र दिवस निवडा. दुपारी तीन, चार, पाच आणि सहा वाजता खोलीत उन्हाचा पट्टा जिथपर्यंत येतो तिथे जमिनीवर, पलंगावर, भिंतीवर खडूने रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. सगळ्यात आत पोचलेली रेघ तुमच्या पडद्याचं माप ठरवते. हे काम जानेवारीत करू नका. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि उन्हाळ्यात ऊन ज्या कोपऱ्यातून शिरतं तो कोपरा तुमच्या लक्षातच येत नाही.

‘छज्जा वाढवला तर?’ असं बरेच जण विचारतात. पुण्यात मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून तेव्हा ऊन आत येतच नाही. पण संध्याकाळी पाच वाजता तोच सूर्य पश्चिमेला क्षितिजापासून साधारण २७ अंशांवर उतरलेला असतो. दोन फुटी छज्जाची सावली त्या वेळी खिडकीवर जेमतेम एक फूट उतरते, खालची सगळी खिडकी उघडीच राहते. पश्चिमेला उभा आडोसाच लागतो. छज्जावर पैसे घालू नका.

दुसरी गोष्ट, मे-जूनमध्ये सूर्य ऐन पश्चिमेला मावळत नाही. तो २० ते २५ अंश उत्तरेकडे सरकलेला असतो, म्हणजे खिडकीतून बाहेर बघताना उजव्या हाताला. पडदा खिडकीच्या मापाचाच केला की याच बाजूच्या फटीतून संध्याकाळचं ऊन तिरकं आत येतं. म्हणून डावीकडे सहा इंच, उजवीकडे किमान एक फूट आणि खाली सहा इंच जास्त माप धरा.

*तपासणी:* रात्री नऊ वाजता पश्चिमेच्या भिंतीला आतून तळवा लावा. भिंत कोमट लागली तर नुसती खिडकी झाकून भागणार नाही, भिंतीलाही बाहेरून सावली द्यावी लागेल. विटांची जाड भिंत दुपारचं ऊन साठवते आणि रात्री तुम्ही झोपायला जाता तेव्हा ते खोलीत सोडते.

२. अगरबत्तीने वाऱ्याची वाट शोधा

पंखा बंद करा. अगरबत्ती पेटवून खिडकीच्या तळाशी, मग दाराच्या फटीजवळ, मग दारावरच्या झरोक्याजवळ धरा. धूर कुठे आत ओढला जातो, कुठे बाहेर जातो आणि कुठे नुसताच सरळ वर चढतो ते बघा. दुपारी तीनला आणि रात्री नऊला दोन्ही वेळा करा. समुद्रकाठी तर हे अत्यावश्यकच आहे, कारण दिवसाचे खारे वारे आणि रात्रीचे मतलई वारे उलट्या दिशेने वाहतात.

धूर खोलीच्या मधोमध सरळ वर जात असेल तर खोलीला बाहेर जायची वाट नाही. अशा खोलीत समोर कितीही मोठी खिडकी उघडा, हवा शिरणार नाही. ही वाट शक्यतो समोरच्या किंवा बाजूच्या भिंतीत, छताजवळ असावी, कारण तापलेली हवा वर साठते. जुन्या घरांत यासाठी झरोके असतात आणि बहुतेक घरांत ते पुठ्ठा, प्लायवूड किंवा जुनं कॅलेंडर लावून बंद केलेले असतात. ते आधी मोकळे करा. फ्लॅटमध्ये दारावरचं व्हेंटिलेटर, स्वयंपाकघराची खिडकी किंवा पलीकडच्या खोलीची खिडकी कामाला येते. बाहेर जायची जागा आत यायच्या जागेइतकी तरी हवी.

डासांची जाळी धुऊन घ्या. धुळीने बुजलेली जाळी वारा अडवते आणि लोक मात्र खिडकीची दिशा चुकली म्हणतात.

*थांबा:* इथे वाट सापडली नाही तर पुढे जाऊ नका. वाट नसलेल्या खोलीत वाळा लावणं म्हणजे खोलीत ओल भरणं.

३. ओल्या फडक्याची परीक्षा

दोन सारखे थर्मामीटर घ्या (खोलीचं तापमान दाखवणारे, तापाचे नव्हेत). आधी शेजारी ठेवून दोन्ही सारखंच दाखवतात ना ते बघा. मग एकाच्या टोकाला मऊ सुती फडकं गुंडाळा, ते भिजवा आणि दोन्ही सावलीत पंख्यासमोर दहा मिनिटं ठेवा. ओल्याचा आकडा खाली येऊन जिथे थांबतो तो लिहून ठेवा. वाळ्याच्या पडद्यातून येणारी हवा त्या आकड्याच्या खाली कधीच जात नाही, प्रत्यक्षात तिथपर्यंतही पोचत नाही.

अकोला-नागपूरकडे दुपारी ४२ अंश आणि हवेत २० टक्के आर्द्रता असेल तर ओला थर्मामीटर २४ च्या आसपास उतरतो. फरक तब्बल १८ अंशांचा. रत्नागिरीत ३४ अंश आणि ७० टक्के असेल तर तो २९ वरच थांबतो. विदर्भातला नातेवाईक वाळ्याची स्तुती करतो ती खरी असते आणि कोकणातल्या माणसाची तक्रारही तितकीच खरी असते.

फरक १० अंशांहून जास्त असेल तर वाळा लावा. सहाहून कमी असेल तर पाण्याचा नाद सोडा, सातवी पायरी गाळा आणि सगळा भर सावली व वाऱ्यावर ठेवा. मधल्या पट्ट्यात कोरड्या दुपारीच तेवढा पडदा भिजवा. पुण्यात एप्रिलची परीक्षा मेअखेर लागू पडत नाही, वळीव सुरू झाला की ती पुन्हा करा.

४. बांबू निवडणं आणि मुरवणं

चिक वर्षभरात पोखरून जातो तो इथल्या चुकीमुळे. किडीला बांबूतला स्टार्च हवा असतो. कोवळ्या बांबूत तो भरपूर असतो आणि ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो. म्हणून तीन-चार वर्षांचा बांबू, दिवाळीनंतर ते माघापर्यंत तोडलेला घ्या. कोवळ्या काठीवर पांढुरकी भुकटी आणि पेरांना चिकटलेली कोशपत्रं दिसतात. जून काठीचा रंग मळकट असतो, तिच्यावर शेवाळी ठिपके असतात आणि कोयत्याच्या पाठीने ठोकली की टणक आवाज येतो.

सिंधुदुर्गात माणगा चांगला मिळतो. तो जवळजवळ भरीव आणि सरळ असतो. विदर्भात मानवेल मिळतो. स्वतःच्या बांधावरचा बांबू असेल तर भारतीय वन कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन वनाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला आहे. जंगलातल्या बांबूला मात्र परवानगीशिवाय हात लावू नका. जंगलातल्या कारवीच्या झुडपांचंही तेच.

विकत घेताना एक सोपी परीक्षा आहे. काठीच्या टोकाचा ताजा काप घ्या आणि त्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. काप निळा-काळा झाला तर स्टार्च भरपूर आहे, ती काठी घेऊ नका. आयोडीनचा तपकिरी रंग तसाच राहिला तर घ्या. दुकानदार पहिल्यांदा चमकून बघतो, पण चांगला बुरूड कारागीर तुमच्याआधी स्वतःच काठ्या वेगळ्या काढून देतो. त्याचं ऐका.

काठी फोडून सेंटिमीटरभर रुंदीच्या कामट्या काढून घ्या. मुरवण फोडल्यानंतर करायची. अखंड काठीची साल द्रावण आत शिरू देत नाही, हे न कळल्याने अख्खे बांबू भिजवून लोक मेहनत वाया घालवतात.

द्रावणाचं प्रमाण: २० लिटर पाण्यात ६०० ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि ४०० ग्रॅम बोरिक पावडर. आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवा, मग उरलेलं पाणी घाला. लांब टाकी कुठून आणायची हा प्रश्न पडतो. सहा इंची पीव्हीसी पाइपाचा पाच फुटी तुकडा घ्या, एका टोकाला बूच पक्कं बसवा आणि पाइप खांबाला उभा बांधा. एका चिकाच्या कामट्या त्यात थोड्या थोड्या करून मावतात. पाच-सहा दिवस पूर्ण बुडवून ठेवा, पातळी उतरली की द्रावण वाढवा. नंतर सावलीत, आडव्या बांबूंवर मोकळ्या पसरून वाळवा. उन्हात वाळवल्या तर कामट्या पिळतात आणि चिक कधीच सरळ लोंबत नाही.

*सावधान:* हातमोजे घाला. मुलं आणि गुरं यांच्यापासून द्रावण लांब ठेवा. उरलेलं द्रावण बागेत, विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका. बोरॉन जास्त झालं की झाडं जळतात. झाकून ठेवून पुढच्या कामट्यांना वापरा.

हे औषध पाण्याने धुपतं, म्हणून वाळलेल्या कामट्यांना जवसाच्या तेलाचे दोन हात द्या.

बांबू परवडत नसेल तर पश्चिमेच्या नुसत्या भिंतीसाठी मराठवाडा-विदर्भात तुराट्यांची ताटी उत्तम. ती भिंतीपासून वीतभर लांब उभी करा. किनारपट्टीवर नारळाची झापं आहेतच. दोन्ही एक-दोन हंगामांपुरती, पण जवळजवळ फुकट.

५. चिक बांधणं

कामट्या आडव्या, दोऱ्या उभ्या. दोरी दर आठ-नऊ इंचांवर एक. सुती दोरा उन्हाने आणि सुतळी पाण्याने कुजते, म्हणून नायलॉनची दोरी किंवा काथ्या घ्या. सालीची बाजू बाहेर ठेवा, कारण पाऊस-ऊन तीच सोसते. वर आणि खाली अर्धा फोडलेला जाड बांबू बांधा म्हणजे चिकाला वजन येतं.

सगळ्या कामट्या सारख्या अंतरावर बांधू नका. वरच्या दोन-तृतीयांश भागात फट दोरीच्या जाडीइतकीच ठेवा, कारण खोलीत लांबवर पोचणारं ऊन तिथून येतं. खालच्या भागात सेंटिमीटरभर फट चालते. तिथून शिरलेलं ऊन भिंतीच्या पायाशीच पडतं, पण बसलेल्या माणसाला वारा आणि बाहेरचं दिसणं दोन्ही मिळतं. बाजारचा चिक सरसकट दाट असतो, तेव्हा करून घेणार असाल तर बांधणाऱ्याला हे आधीच सांगा: “काका, खालचे दीड फूट विरळ धरा.”

६. टांगणं: काचेच्या बाहेर

सगळ्यात जास्त चूक होते ती इथे. काचेतून ऊन एकदा आत आलं की ते आतल्या पडद्याला तापवतं आणि तो तापलेला पडदा खोलीला तापवतो. बाहेरची सोय असतानाही लोक धुळीच्या भीतीने चिक आत लावतात आणि निम्म्याहून जास्त फायदा घालवतात. गॅलरी असेल तर कठड्याच्या रेषेत लावा, नसेल तर छज्जाच्या खालच्या बाजूला हुक मारून.

भिंत आणि चिक यांच्यात सहा इंच मोकळी जागा सोडा, वरून-खालून बंद करू नका. चिकामागे तापलेली हवा तिथून वर निघून जाते.

दमट भागात चिक सरळ लोंबता ठेवू नका, वारा अडतो. खालची कड काठीने दीड-दोन फूट बाहेर ढकलून चिक तिरका बांधा. ऊन अडतं आणि खालून वारा मोकळा येतो.

*सावधान:* वळवाच्या वावटळीत लोंबता चिक उपटून जातो. खालच्या दोन्ही कोपऱ्यांना दोरी हवीच, आणि वरच्या मजल्यावर हुकाशिवाय एक वेगळी सुरक्षादोरी ग्रिलला बांधा. एसीच्या बाहेरच्या यंत्रासमोर चिक येऊ देऊ नका. सोसायटीची परवानगी आधी घ्या.

*तपासणी:* पाच वाजता आतून काचेला हात लावा. काच हाताला चटका देत नसेल तर निम्मं काम झालं. आता दोन-तीन दिवस असंच राहून बघा. अनेक घरांना पुढची पायरी लागतच नाही.

७. वाळा, फक्त कोरड्या भागात

वाळा हे गवताचं मूळ आहे. खरा वाळा तपकिरी, तंतूमय आणि थोडा खरखरीत असतो. भिजवला की मातीचा थंड वास येतो. कूलरमध्ये भरतात तो पिवळट किंवा हिरवा रंगवलेला लाकडाचा कीस म्हणजे वाळा नव्हे, त्यावर वाळ्याचं अत्तर शिंपडलेलं असलं तरी.

वाळ्याचा पडदा चिकाच्या सावलीत, उघड्या खिडकीत टांगायचा, जिथून दुसऱ्या पायरीत अगरबत्तीचा धूर आत ओढला जात होता. थर इंच-दीड इंचाचा आणि सैल. पडद्यासमोर धरलेला अगरबत्तीचा धूर पडद्यातून आरपार गेला पाहिजे. घट्ट विणलेला जाड पडदा दिसायला भरदार दिसतो, पण त्यातून हवा जात नाही आणि ओल नुसती टपकत राहते.

वरच्या कडेला बारीक भोकं पाडलेली नळी बांधा, खाली पन्हळीसारखा अर्धा पाइप ठेवा. तांब्याने पाणी फेकण्यापेक्षा थेंब थेंब सतत पडू द्या. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता ओढली जाते. हे काम वाफ झालेलं पाणी करतं, खाली सांडलेलं नाही. पन्हळीत पाणी भराभर साठत असेल तर धार कमी करा.

वाळा भिजलेला असताना समोरचा झरोका उघडाच हवा. ओलसर हवा सतत बाहेर गेली पाहिजे. एसी आणि वाळा एकाच वेळी लावू नका. एकाने घातलेली ओल दुसरा काढत बसतो आणि वीजबिल वाढतं.

*सावधान:* पन्हळीतलं स्वच्छ पाणी डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला फार आवडतं. आठवड्यातून एक दिवस पाणी पूर्ण ओतून पन्हळ घासा आणि वाळा कडक उन्हात वाळवा. आंबूस वास यायला लागला तर वाळवून उपयोग नाही, बदला. बोअरच्या जड पाण्याने मुळांवर पांढरे क्षार बसतात आणि पडदा पाणी शोषेनासा होतो, तेव्हा अधूनमधून गोड्या पाण्याने धुवा. आणि कोरडा वाळा व बांबू झटकन पेटतात, देवघर आणि गॅस यांच्यापासून लांब.

८. अंधार झाला असेल तर

चिक लावल्यावर दिवसा ट्यूब लावावी लागत असेल तर चिक विरळ करण्याआधी खिडकीच्या आतल्या कडा आणि छत चुन्याने पांढरं करा. भिंतीच्या जाडीत असलेल्या त्या कडा उजेड आत वळवतात आणि त्याच बहुतेक घरांत मळक्या किंवा गडद रंगाच्या असतात. चुना पाण्यात विरवताना तो उकळतो, डोळ्यांना चष्मा लावा आणि प्लास्टिकची बादली वापरू नका.

खिडकीसमोर पांढरी फरशी किंवा सिमेंटचं अंगण असेल तर ऊन तिथून उसळून चिकाच्या खालून आत येतं. तिथे कुंड्या मांडा. कौलारू घरात काचेचं कौल बसवायचं असेल तर उत्तरेच्या उतारावर आणि एकच बसवा. उत्तरेच्या उतारावरही मे-जूनमध्ये ऊन पडतं, म्हणून ते पलंग किंवा चुलीच्या वर नको.

गोव्यातल्या जुन्या घरांसारखी शिंपल्याची तावदानं हवीत असं कोणी म्हटलं तर पाडलेल्या घरांतली जुनीच शोधा. हा शिंपला आता कायद्याने संरक्षित आहे. त्यातून येणारा उजेड मात्र खरोखर सुंदर असतो, डोळ्यांवर येत नाही.

९. उघडायचं कधी, मिटायचं कधी

कोरड्या भागात सकाळी आठ-नऊला खिडक्या मिटा. दुपारी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असते आणि ‘वारा येऊ दे’ म्हणून खिडकी उघडणं म्हणजे लू घरात घेणं. भिजवलेला वाळा असलेली तेवढी एकच खिडकी आणि समोरचा झरोका उघडा ठेवा. संध्याकाळी अंदाजाने उघडू नका. एक थर्मामीटर आत, एक बाहेर सावलीत ठेवा, बाहेरचा आकडा खाली गेला की सगळं सताड उघडा आणि चिक गुंडाळून वर बांधा. चिक रात्री सोडलेला राहिला तर तापलेली भिंत निवत नाही. ही चूक अगदी जाणकार घरांतही दिसते.

कोकणात आणि गोव्यात उलट. तिथे दिवसरात्र वारा खेळता हवा, मिटायचं ते फक्त वळवाचा पाऊस आत आला तर.

१०. पावसाळ्याआधी उतरवा

मृगाच्या आधी चिक उतरवा. कोरड्या फडक्याने पुसा, दोन दिवस उन्हात वाळवा, प्रत्येक कामटीच्या टोकाशी पिवळट भुकटी दिसते का ते बघा. दिसली तर ती कामटी कापून काढा, बाकीच्यांत ठेवू नका. गुंडाळून माळ्यावर, भिंतीला न टेकवता, दोन दोऱ्यांत टांगा. प्लास्टिकमध्ये बांधू नका, आत घाम धरतो आणि बुरशी येते. वाळा पूर्ण सुकवून सुती पिशवीत ठेवा. पुढच्या फाल्गुनात चिकाला जवसाच्या तेलाचा एक हात द्या, दोऱ्या ओढून तपासा आणि मगच पुन्हा टांगा.